बीडचा कस्तूर

माझ्याकडे पक्ष्यांच्या फोटोंच्या चाळीसेक काचा आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर फांद्या आहेत. फांद्या उत्तम आल्या आहेत. बाभळीचा काटा न् काटा मोजून घ्यावा. एका काचेवर बोरीच्या झुडपाच्या डाव्या अंगाला एक पुसट डाग आहे. तो शिंजीर आहे असं मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे मान डोलावतात आणि चहा संपवतात.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. तो मी नगरच्या एका फोटोवाल्याकडून घेतला होता. त्याने त्यावर उभी हयात नवरदेव आणि मयत माणसं काढली होती, म्हणजे बसा म्हटलं की बसणारी. आधी कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं रोवायचं, डोक्यावर काळं फडकं घ्यायचं, मागच्या काचेवर उलटा दिसणारा पक्षी नीट जुळवायचा, मग फडक्यातून बाहेर येऊन फोटोची काच बसवायची, झाकण काढायचं आणि मनात आकडे म्हणायचे. एवढं होईस्तोवर पक्षी मांजरसुंब्याचा घाट चढून गेलेला असायचा.

ते हैदराबादच्या निजामाचे दिवस होते आणि मी बीडच्या तहसील कचेरीत कारकून होतो. दिवसभर उर्दू हुकमांच्या नकला करायच्या आणि शुक्रवारी सुट्टी मिळाली की तिकाटणं खांद्यावर टाकून माळाला जायचं. कचेरीतली मंडळी याला पाखरांची खानेसुमारी, म्हणजे शिरगणती, म्हणत. शनिवारी दौत भरता भरता कुणीतरी हमखास विचारी, "काय मुन्शीजी, कितीक घरं झाली लिहून?" मीही उत्तर देत असे. चिडलो तर ते रोज विचारतील हे मला ठाऊक होतं.

पक्षी ओळखण्यासाठी माझ्याजवळ एका पाद्रीसाहेबाने टाकून दिलेलं इंग्रजी पुस्तक होतं. त्यातली अर्धी चित्रं गळून गेली होती. लोकांना विचारावं तर ज्वारी खाणारं ते पाखरू आणि न खाणारं ते बी पाखरूच. एकदा एका मेंढक्याला मी पिवळ्या पोटाचा एक इवलासा पक्षी दाखवला आणि तुम्ही याला काय म्हणता असं विचारलं. त्याने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "आमी काई म्हणत न्हाई. त्यो बी आमाला काई म्हणत न्हाई."

डोळ्यांनी साथ दिली नाही तेव्हा मी कानांवर भिस्त ठेवली. रोज तांबडं फुटताना घराच्या माळवदावर वही घेऊन बसायचं आणि जो आवाज येईल तो लिहायचा. पक्षी दिसलाच पाहिजे हा आग्रह मी सोडून दिला. दिसला नाही तर समासात 'अदृश्य' असं लिहायचो. दोन हिवाळ्यांत वही चांगली भरली. बीडसारख्या कोरड्या गावात, भर वस्तीत, इतके पक्षी असतील असं कुणाला सांगूनही पटलं नसतं. मला मात्र ते पटलं. आपला कान तयार झाला आहे अशी माझी समजूत होती.

माघातल्या एका पहाटे मी माळवदावर बसलो असताना कस्तुराची शीळ ऐकली.

हा आवाज मी कुठेही ओळखला असता. माझं शिक्षण वाईला मामाकडे झालं. मामाच्या परसामागे ओढा होता आणि पावसाळा लागला की ओढ्यावर कस्तूर गायचा. माणसाने शीळ घालावी तशी त्याची शीळ असते: सावकाश, वर-खाली, आणि मध्येच चाल विसरल्यासारखी थांबणारी. सहा पावसाळे मी ती ऐकत अभ्यास केला, किंवा अभ्यास न करता ती ऐकली. कस्तूर हा घाटातला, पाण्याचा, दाट झाडीचा पक्षी. त्याने बीडला येण्याचं काही कारण नव्हतं. शिवाय तो पावसाळ्याच्या आगेमागे गातो आणि हा माघात गात होता. शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मी त्याचा अर्थ नवा शोध असा काढला.

मुंबईला पक्ष्यांचा अभ्यास करणारी एक मंडळी होती. त्यांना मी इंग्रजीत पत्र धाडलं. महिन्याने उत्तर आलं. असा पक्षी त्या मुलुखात आढळल्याची नोंद नाही, वाचून फार आनंद झाला, तरी कातडं किंवा फोटो पाठवण्याची मेहरबानी करावी. मी पक्षी मारत नसे, तेव्हा फोटोच काढणं आलं.

ते पत्र मी कचेरीत दाखवायला नको होतं. तहसीलदारसाहेब खुद्द हैदराबादचे. बीडची बदली त्यांना शिक्षा वाटायची. बीडमध्ये काहीतरी आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी मला खुर्ची दिली. कारकुनाला खुर्ची मिळाल्याचं त्या कचेरीत कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी तिच्यावर नीट बसलोही नाही. तालुक्याच्या वार्षिक अहवालात त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली की या कसब्यात, नदीकाठी, कस्तूर नावाचा दुर्मीळ पक्षी आढळून आला आहे. अहवाल तालुकदारांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य अंमलदारांकडे, गेला. शोध लावणारा कारकून म्हणून माझा उल्लेखही त्यात होता. नदीकाठ ही साहेबांची भर.

पुढचे तीन शुक्रवार मी बिंदुसरा नदीच्या काठाने कॅमेरा घेऊन फिरलो. धुणं धुणाऱ्या बायांनी पूल बांधणार का असं विचारलं. एका म्हशीने तिकाटणं पाडलं. कस्तूर दिसला नाही. शीळ ऐकू यायची ती घरी, माळवदावर, आणि तीही नदीच्या उलट्या दिशेने. चौथ्या शुक्रवारी मी हट्टाला पेटलो. शीळ सुरू होताच कॅमेरा उचलला आणि आवाजाच्या मागावर गल्लीत शिरलो. दोन बोळ ओलांडले. एका अंगणात कडुनिंब होता आणि आवाज त्या कडुनिंबातून येत होता.

कडुनिंबाला एक गाठोडं टांगलेलं होतं. घागरीएवढं, वरून गाठ मारलेलं. विटक्या छिटाचं कापड, त्याच्या फाटक्या कडेतून आत दुसरं, त्याच्याही आत तिसरं. गाठोड्याने कस्तुराची शीळ पूर्ण केली. थोडं थांबलं. मग गाठोडं टिटवीसारखं ओरडलं, मग शिक्र्यासारखं, मग कुत्र्याच्या पिल्लासारखं केकाटलं आणि शेवटी कोंबडी पिलांना बोलावते तसं बोलावू लागलं. अंगणातली दोन खरी पिलं धावत आली आणि वर बघत उभी राहिली. मीही त्यांच्या शेजारी उभा होतो.

"हा तर वाईचा कस्तूर," मी मोठ्याने म्हणालो. हे तोंडून गेलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं.

घरातून एक म्हातारा बाहेर आला. हातात अंबाडीचा अर्धा वळलेला कासरा. मोहल्ल्यात सगळे त्याला चाचा म्हणत. बैलांचे कासरे आणि म्होरक्या वळून तो पोट भरायचा. मी काय म्हणालो ते त्याने मला पुन्हा म्हणायला लावलं. मग कासरा खाली ठेवला आणि बाजेवर बसायला सांगितलं.

गाठोड्यात चंडोल होता. तुऱ्याचा, मातकट रंगाचा, आपल्या माळावर पैशाला पासरी मिळणारा. हैदराबादेपासून आमच्यापर्यंत सगळ्या मुलुखात तेव्हा चंडोल पाळण्याचा शौक होता आणि त्याची रीत अशी, की पिंजरा उघडा म्हणून ठेवायचा नाही. पहिल्या वर्षी त्याला एक खोळ घालायची, दुसऱ्या वर्षी तिच्यावर दुसरी. जितकी वर्षं तितक्या खोळी. अंधारात पाखराला दुसरं काम नसतं, ते ऐकतं आणि ऐकलेलं बोलतं. नवं पिल्लू आणलं की त्याचा पिंजरा जुन्या चंडोलाशेजारी टांगायचा म्हणजे ते त्याचे बोल उचलतं. दाणापाणी खालच्या फटीतून, हात घालून. चाचाच्या चंडोलावर अकरा खोळी होत्या. त्याने स्वतः तो पक्षी अकरा वर्षांत पाहिला नव्हता. उजेड दिसला की चंडोलाला माळ आठवतो आणि तो कायमचा मुका होतो, यावर सगळ्या शौकिनांचं एकमत होतं.

कस्तुराची शीळ त्याच्यात कशी आली तेही चाचाने सांगितलं. तरुणपणी तो एका जहागीरदाराकडे घोड्यांचा मोतद्दार होता. जहागीरदार उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचे. तिथून चाचाने एक कस्तूर पिंजऱ्यात घालून बीडला आणला. इथल्या उन्हात तो एक वर्ष टिकला. तेवढ्यात शेजारच्या चंडोलाने त्याची शीळ उचलली, आणि त्या चंडोलाकडून या चंडोलाने.

मी घरी आलो आणि वही काढली. समासात सात ठिकाणी 'अदृश्य' असं होतं. छपरावरचा शिक्रा, भर गल्लीतली टिटवी, असे ते सात पक्षी. ते सातही जण कडुनिंबाच्या एका गाठोड्यात राहत होते. मला हसू आलं नाही. मला लाज वाटली आणि लाजेच्या पाठोपाठ तहसीलदारसाहेबांची भीती वाटली. मुंबईच्या मंडळींना उत्तरच धाडायचं नाही आणि कचेरीत विषय काढायचा नाही, असं मी ठरवलं. सरकारी कागदावरचा कस्तूर आपोआप जुना होईल, जसं सगळंच होतं.

पण चाचाला माझ्याकडून एक गोष्ट हवी होती. दरसाल उरुसात चंडोलांचा मुकाबला व्हायचा. ज्याचा चंडोल जास्त बोल बोलेल तो पहिला. पंचांचा लेखनिक एकेक बोल वहीत लिहून घ्यायचा. माणसाची शीळ किंवा गाणं धरत नसत. बोल पाखराचा किंवा जनावराचा हवा. अनोळखी बोल निघाला तर तो मूळ जागी ऐकलेला साक्षीदार उभा करावा लागे, आणि मालकाची साक्ष चालत नसे. दोन वर्षं चाचाच्या चंडोलाने कस्तुराची शीळ घातली होती आणि दोन्ही वर्षं लेखनिकाने 'अनोळखी शीळ' असं लिहून ती काट मारून टाकली होती. कस्तूर ऐकलेला माणूस साऱ्या बीडमध्ये निघाला नव्हता.

"मला इनाम नगं, मुन्शीजी," चाचा म्हणाला. "त्या वहीत त्याचं नाव पडू द्या. पाखरू थकलंय. दोन बोल तर औंदा सोडूनच दिले त्यानं. फुडल्या साली हाय का न्हाई."

बघतो, म्हणालो. कचेरीत आम्ही दिवसातून वीसेक लोकांना बघतो म्हणायचो आणि त्याचा अर्थ त्यांनाही कळायचा. चाचालाही कळला असावा. त्याने पुन्हा विचारलं नाही. पण त्या गल्लीतून कचेरीला जाण्याचा जवळचा रस्ता मी सोडून दिला आणि लांबून जाऊ लागलो.

उरुसात मी जायलाच नको होतं. पण मुकाबल्याला तहसीलदारसाहेब सदर, म्हणजे अध्यक्ष, म्हणून बसणार होते आणि त्यांना बरोबर पक्ष्यांतला जाणकार हवा होता. त्यांनी मला कॅमेऱ्यासकट नेलं. सकाळची वेळ, दर्ग्यामागची आमराई. झाडाझाडाला गाठोडी टांगलेली. त्यांच्यासमोर सतरंजीवर मोठमोठी माणसं पाय दुमडून, श्वास रोखून बसलेली. एकालाही पक्षी दिसत नव्हता आणि कुणाची तक्रार नव्हती.

चाचाच्या चंडोलाची पाळी आली तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. लोक खाकरू लागले. मग टिटवी झाली, शिक्रा झाला, बुलबुल, कोतवाल, कोंबडी. लेखनिक लिहीत होता. मग पुन्हा शांतता. मला वाटलं, संपलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तेवढ्यात कस्तुराची शीळ आली. आवाज जरा बसला होता, पण चाल तीच, मध्ये थांबणंही तेच. मला मामाचा ओढा आठवला.

एका तांबोळ्याचा चंडोल तेव्हा पुढे होता. तो उठला आणि म्हणाला की हा आवाज कुठल्या पाखराचा ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. म्हाताऱ्याने आपलीच शीळ शिकवली आहे आणि ती धरू नये. पंचांनी नेहमीप्रमाणे विचारलं, हा बोल मूळ जागी ऐकलेला कुणी आहे का?

चाचाने माझ्याकडे पाहिलं नाही. साऱ्या आमराईत तोच एक माणूस होता ज्याला ठाऊक होतं की मी ऐकला आहे, आणि तो खाली बघून गाठोड्याची गाठ सारखी करत होता. त्याने माझं नाव घेतलं असतं तर मी कदाचित नाकारलं असतं. माझ्या शेजारी साहेब बसले होते. त्यांच्या सहीचा अहवाल तालुकदारांकडे होता. लेखनिकाने टाक दौतीत बुडवला आणि काट मारायला वही जवळ ओढली.

मी उभा राहिलो. "मी ऐकला आहे. वाईला, मामाच्या परसात, सहा पावसाळे. हा कस्तूर आहे."

साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आमच्यासाठी ते कधी कधी मराठी बोलत, ते त्या दिवशी बोलले. "मग आपल्या नदीवरचा कस्तूर?"

"नदीवर कस्तूर नाही, साहेब. मी माळवदावरून ऐकला तो हाच."

मागे कुणीतरी हसलं. मग खानेसुमारीचं काहीतरी बोलणं झालं आणि बरेच जण हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि पंचांना हाताने खूण केली, पुढे चालू द्या.

लेखनिकाने लिहिलं. चाचाने त्याला वाचून दाखवायला सांगितलं. लेखनिक म्हणाला, "कस्तूर." चाचाने पुन्हा वाचायला सांगितलं. लेखनिकाने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो वैतागला, पण वाचलं त्यानं. पहिला नंबर तांबोळ्यालाच मिळाला, त्याच्या चंडोलाचे दोन बोल जास्त भरले. चाचाला ते कुणीतरी सांगावं लागलं. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. खुर्ची होती, पण बसा म्हणाले नाहीत. रागावलेही नाहीत. अहवालातल्या त्या ओळीची दुरुस्ती मीच लिहावी, सुवाच्य अक्षरात, तीन प्रतींत, एवढंच सांगितलं. 'कारकुनाच्या चुकीमुळे' हे शब्द मी तिन्ही प्रतींत वळणदार काढले. मग ऐन उन्हाळ्यात मला चौसाळ्याला मोजणीच्या कामावर धाडण्यात आलं. मुंबईलाही मी सगळं खरं लिहून कळवलं. कस्तूर बीडला आहे, पण चंडोलात आहे, असं. त्यांचं उत्तर आलं नाही.

चौसाळ्याला निघण्याआधीच्या शुक्रवारी चाचाने निरोप पाठवला, कॅमेरा घेऊन या. मी गेलो. त्याने पिंजरा कडुनिंबाच्या खालच्या फांदीला, उजेडात टांगला होता. मी तिकाटणं रोवलं तसा तो पुढे झाला आणि त्याने वरची गाठ सोडली.

मला आधी काही समजलं नाही. त्याने पहिली खोळ काढून बाजेवर घडी करून ठेवली. मग दुसरी. प्रत्येक खोळीचं वर्ष त्याला पाठ होतं: ही बायकोच्या लुगड्याची, ही जहागीरदाराच्या जुन्या जाजमाची. दहा खोळी निघाल्या. उरलेली एकच, जुन्या मलमलीची, विरलेली. तिच्यातून आत काहीतरी हललं. मला तुरा दिसल्यासारखा झाला.

"घ्या फोटू," चाचा म्हणाला. "तुमी माझ्यासाठी बोललाव. आता ह्यो गप ऱ्हायला तरी चालतंय."

मला तो पक्षी पाहायचा होता. हे मी लपवत नाही. दोन वर्षं मी फांद्यांचे फोटो काढले होते, आणि हातभर अंतरावर, उजेडात, न उडणारा, न पळणारा पक्षी आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासमोर होता. एक कापड बाजूला करायचं होतं. चाचाने त्याच्या टोकाला हातही घातला होता.

"बांधा," मी म्हणालो.

त्याने टोक सोडलं नाही. मी पुन्हा म्हणालो, बांधा. मग आम्ही दोघांनी मिळून दहाही खोळी पुन्हा घातल्या, होत्या त्याच क्रमाने. एकदा माझी चूक झाली आणि त्याने मला दोन खोळी परत काढायला लावल्या. शेवटची गाठ त्यानेच मारली.

मग मी काळ्या फडक्यात शिरलो, काच बसवली, झाकण काढलं आणि दहापर्यंत आकडे म्हटले. आठाला आतून कस्तुराची शीळ सुरू झाली. मी दहाच्या पुढेही म्हणत राहिलो, त्यामुळे ती काच जरा पांढरट आली आहे.

चंडोल पुढच्या पावसाळ्यात गेला, असं मला चौसाळ्याला कळलं. काच माझ्याकडे आहे. तिच्यावर कडुनिंबाची फांदी आहे आणि फांदीला एक गाठोडं. पाहुणे नेहमी विचारतात, यात पक्षी कुठे आहे? माझ्या चाळीस काचांमध्ये पक्षी नक्की आहे अशी तीच एक.